वाफ जाते कुठे?

बाथरूमला लाकडी छत लावणार म्हटल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. "अरे, कुजेल ना ते!" आईने विचारला, सासूबाईंनी विचारला, टीममधल्या नागपूरच्या मित्राने तर हसून विचारला. प्रश्न बरोबरच आहे म्हणा. बाथरूमचं दार पीव्हीसीचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं, कारण लाकडी लावलं तर दोन पावसाळ्यांत खालून भुगा पडायला लागतो, हे आपल्या पिढीने घराघरात बघितलंय. जिथे दार लाकडाचं ठेवायची हिंमत होत नाही, तिथे अख्खं छत लाकडाचं?

आता दुसरी बाजू बघा. मी सध्या राहतो तो भाग म्हणजे अमेरिकेचा वायव्य कोपरा, सिॲटलच्या जवळपास. इथले मूळ रहिवासी शेकडो वर्षं याच पावसात लाकडी फळ्यांच्या लांबच लांब घरांत राहत आले. आणि सॉना म्हणजे तर वाफेचीच खोली, ती आतून पूर्ण लाकडाची असते! म्हणजे लाकूड आणि वाफ यांचं जन्मजात वैर आहे असं काही नाही. लाकूड पाणी लागलं म्हणून कुजत नाही. पाणी येतं आणि परत जात नाही, म्हणून कुजतं.

हा सगळा लेख त्या "परत जात नाही"बद्दल आहे. फळ्या शेवटी येतील. थोडा धीर धरा :)

तर झालं असं. आमचं घर १९८८ सालचं. वरच्या मजल्यावरचं बाथरूम पाच फूट बाय आठ फूट, म्हणजे इथल्या मापाने अगदी नेहमीचं. शॉवरच्या वर छताला काळे ठिपके होते. पुसले की जायचे आणि तीन आठवड्यांत परत हजर. एकदा रंगाचा एक पोपडा सुटून खाली पडला. त्याच्या आत जुन्या रंगाचा आणखी एक थर होता आणि त्या थरावरही काळे ठिपके! म्हणजे आमच्या आधी कुणीतरी डागांवर सरळ रंग मारून घर विकायला काढलं होतं.

नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मीही फारसं मनावर घेतलं नसतं. पण बायकोला लहानपणापासून दमा आहे. पुण्यात असताना दिवाळीचे फटाके आणि शेजारच्या बांधकामाची धूळ, या दोन गोष्टी तिच्या ठरलेल्या शत्रू. इथली हवा स्वच्छ म्हणून आम्ही खूश होतो. तर नोव्हेंबर उजाडल्यापासून सकाळी आंघोळ करून बाहेर आली की खोकला. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग इनहेलर. डॉक्टरांनी छाती तपासायच्या आधीच विचारलं, "घरात कुठे ओल आहे का? बुरशी?"

मग एका कंत्राटदाराला बोलावलं. माणूस गोड होता. वर बघून म्हणाला, त्यात काय, याच्यावर सरळ लाकडी फळ्या मारू. दीड दिवसाचं काम, २,६०० डॉलर, आणि हे डाग तुम्हाला आयुष्यात परत दिसणार नाहीत. तो गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मला दिसणार नाहीत हे खरं. पण श्वास मी तोच घेणार ना?"

संपलं. कंत्राटदार कटाप.

(नंतर वाचलं तर अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए हेच सांगते. बुरशीवर रंग मारू नका, ती झाकू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा, ती बंद करा, मग बुरशी साफ करा. ओल तशीच ठेवून नुसती साफसफाई केली तर बुरशी परत येणार.)

रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन छताकडे धरून डाग दाखवले. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत, बांधकामाशी त्यांचा संबंध नाही. तरी त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न कंत्राटदाराला सुचला नव्हता.

"वर काय आहे?"

"वर म्हणजे?"

"अरे, छताच्या वर. पोटमाळा असेल ना? कुणी चढून बघितलंय का?"

हा प्रश्न बाबांना का सुचला, ते मला फोन ठेवल्यावर कळलं. आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, कौलारू. पावसाच्या आधी तिथे शाकारणी असायची. माणसं छपरावर चढायची, कौलं उतरवायची, त्यातला पालापाचोळा झाडायची, फुटकी बदलायची, वाशांना आणि रिपांना कुठे वाळवी लागली आहे का ते बघायची. आम्हा पोरांना त्याचं कौतुक एवढंच, की दिवसभर घरात बसून आकाश दिसायचं. आता वाटतं, त्या पद्धतीचं खरं मोल कौलं बदलण्यात नव्हतंच. वर्षातून एकदा घराच्या डोक्यावर काय चाललंय ते कुणीतरी डोळ्यांनी बघायचंच, असा तो नियम होता.

आमच्या इथल्या घराच्या डोक्यावर शेवटचं कोण चढलं होतं देव जाणे. पोटमाळ्याची झडप बेडरूमच्या कपाटात, वरच्या बाजूला. शिडी लावली, डोक्याला दिवा, तोंडाला मास्क, आणि कड्यांवर पाय ठेवत ठेवत बाथरूमच्या वरच्या जागेपर्यंत रांगत गेलो. (कड्या सोडून पाय पडला तर माणूस जिप्समचा पातळ पत्रा फोडून थेट खालच्या खोलीत उतरतो. यूट्यूबवर असे पाय लोंबकळतानाचे व्हिडिओ भरपूर आहेत.)

आणि तिथे उत्तर मिळालं. बाथरूमच्या पंख्याला वरून एक लवचीक नळी जोडली होती. ती पाच-सहा फूट गेली होती आणि तिथेच थांबली होती! तोंड उघडं, उष्णतारोधक कापसावर आडवी पडलेली. छपराबाहेर गेलीच नव्हती. म्हणजे १९८८ पासून असेल किंवा मधे कुणी पंखा बदलला तेव्हापासून असेल, या घरातल्या प्रत्येक आंघोळीची वाफ पंखा इमानेइतबारे ओढून पोटमाळ्यावर सोडत होता. छपराच्या प्लायवूडला तेवढ्या भागात काळपट झाक आलेली. आरपार आलेल्या खिळ्यांची टोकं गंजलेली, आणि प्रत्येक टोकावर एक एक थेंब. दिव्याच्या उजेडात ते थेंब चमकत होते. खोटं कशाला सांगू, क्षणभर सुंदरही दिसलं ते.

यातलं विज्ञान शाळेतलं आहे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तेच. जानेवारीत पोटमाळ्यावर चार-पाच अंश तापमान असतं. तिथे गरम, दमट हवा गेली की पहिल्या थंड पृष्ठभागावर तिचं पाणी होणार. ते पाणी खालच्या कापसात मुरतं. कापूस भिजला की ऊब धरून ठेवायचं त्याचं काम तो करत नाही. मग त्याच्याखालचा छताचा भाग थंड पडतो. आणि आता बाथरूमच्या आतली वाफ खालून त्या थंड भागावर बसते. म्हणजे बुरशी दिसत होती खाली, तिचं कारण होतं वर. फार ओळखीचं वाटलं मला हे. स्क्रीनवर दिसणारा एरर एका मोड्यूलमध्ये आणि खरा घोळ तिसऱ्याच सर्व्हिसमध्ये... आपलं रोजचंच.

मग गावाकडे असं का होत नव्हतं? तिथे तर न्हाणीत तांब्याचा बंब दिवसभर धगधगत असायचा आणि पाऊस वर्षाला तीन मीटरच्या वर. सिॲटल पावसासाठी एवढं प्रसिद्ध, पण इथे वर्षभरात पडतो जेमतेम एक मीटर! कारण साधं आहे. न्हाणीवर कौलं, भिंत आणि छप्पर यांच्यात वीतभर फट, आणि वर कुठे थंडगार पृष्ठभाग नाही. वाफ यायची आणि आपल्या वाटेने निघून जायची. तिला कुणी अडवलंच नाही. इथलं घर म्हणजे थर्मास. थंडीच्या देशात ते तसंच हवं, त्यात वाईट काही नाही. पण थर्मासमध्ये वाफेची वाट आपोआप तयार होत नाही. ती कुणीतरी मुद्दाम बांधावी लागते, आणि ती शेवटपर्यंत नेली आहे की नाही हे कुणीतरी बघावं लागतं.

तर पहिले दोन वीकएंड गेले त्या वाटेवर. एकाही फळीला हात न लावता.

छपराला भोक पाडून वर टोपी बसवायला लायसन्सवाला माणूस बोलावला. ओल्या, उतरत्या छपरावर मी चढावं ही कल्पना घरातल्या वरिष्ठ व्यवस्थापनाने पहिल्याच मीटिंगमध्ये फेटाळली. नळी चार इंची, सरळ, पत्र्याची, आणि बाहेरून ऊबदार वेष्टण गुंडाळलेली. वेष्टण नसेल तर वाफेचं पाणी नळीतच होतं आणि उलटं पंख्यातून टपकतं.

पंखा नवीन घेतला. इथे पंख्याची ताकद मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो यावर मोजतात. ढोबळ नियम असा, की चौरस फुटाला एक घनफूट, पण पन्नासच्या खाली जायचं नाही. आमचं बाथरूम ४० चौरस फूट, उंची ८, म्हणजे ३२० घनफूट हवा. आम्ही ८० चा घेतला. कागदावर चार मिनिटांत खोलीभर हवा बाहेर. प्रत्यक्षात नळीचा अडथळा असतो, शिवाय आत हवा यायला दाराखाली फट लागते. बंद बाटलीतून स्ट्रॉने किती ओढणार? दाराखाली पाऊण इंच फट आहे हे तपासलं. बटणाच्या जागी टायमर लावला. आंघोळ झाल्यावर अर्धा तास पंखा चालतो आणि स्वतःच बंद होतो. पंखा खरंच ओढतोय का याची परीक्षा फुकटातली आहे. टॉयलेट पेपरचा एक कागद जाळीला लावून हात सोडायचा. चिकटून राहिला तर पास.

मग बुरशी. ईपीएच्या मते दहा चौरस फुटांपेक्षा कमी जागा असेल तर घरच्या घरी काढता येते. आमचा डाग पाचेक चौरस फुटांचा होता. आधी छताचा एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवून त्यात ॲस्बेस्टॉस नाही याची खात्री करून घेतली. बायकोला दोन दिवस मैत्रिणीकडे पाठवलं. दाराला प्लास्टिक लावून बुरशीवाला जिप्समचा भाग कापून काढला, नवीन ओलरोधक बसवला, सांधे भरले. वरचं प्लायवूड कुजलेलं नव्हतं, नुसतं काळवंडलं होतं. पण ते क्षेत्र मोठं, म्हणून त्याच्या सफाईला माणूस आणला. ओला कापूस काढून नवा घातला.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. फळ्या लावायच्या म्हणून खालचं जिप्सम काढून टाकायचं नाही. फळ्या कितीही सुबक बसवल्या तरी त्यांच्यातून हवा जातेच. वाफेला वर जाण्यापासून अडवतो तो जिप्समचा अखंड, सांधे भरलेला पत्रा. फळ्या हा दागिना आहे, भिंत नव्हे.

एवढं झाल्यावर पांढरा रंग मारून मोकळं होता आलं असतं. मी तसं सुचवलंही. पण बायकोला लाकूडच हवं होतं आणि त्याला कारण होतं. तिचं आजोळ वाईला. जुना वाडा, माजघराला तक्तपोशी. हा शब्द मी तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. छताला खालून बसवलेल्या फळ्या म्हणजे तक्तपोशी. मे महिन्यात दम्याने झोप लागायची नाही तेव्हा आजी तिला मांडीवर घेऊन बसायची आणि ती वरच्या फळ्या मोजायची. "सतरा होत्या," ती म्हणाली. "सतरापर्यंत गेलं की श्वास जरा लांब व्हायचा."

यावर काय बोलणार? लाकूड ठरलं.

कुठलं लाकूड, हा पुढचा प्रश्न. या भागात छतासाठी पहिलं नाव येतं वेस्टर्न रेड सिडारचं. हलकं, सुगंधी, आणि त्यात बुरशीला मारक अशी नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यामुळे सहसा कुजत नाही. (नाव सिडार असलं तरी हा आपल्या देवदाराचा भाऊ नाही. देवदार खरा सिडार, हा सायप्रसच्या कुळातला.) सगळं जमत होतं, पण वाचता वाचता एक गोष्ट सापडली. याच लाकडात प्लिकॅटिक ॲसिड असतं आणि लाकूड कापणाऱ्या गिरण्यांतल्या कामगारांना त्याच्या भुशाने दमा होतो. वैद्यकशास्त्रात ही चांगली नोंदलेली गोष्ट आहे. बसवून, वार्निश लावून झाल्यावर त्याचा त्रास व्हायचं कारण नाही, धोका भुशाचा. तरी पण दम्यासाठी चाललेल्या कामात दम्याचंच लाकूड आणायचं? नको वाटलं.

आम्ही घेतलं हेमलॉक. (सॉक्रेटिसने प्यायलेलं हेमलॉक वेगळं, ते झुडूप. हे उंच झाड आणि १९४७ पासून वॉशिंग्टन राज्याचा राज्यवृक्ष.) रंग फिकट, वास जवळजवळ नाही, राळ नाही, सॉनामध्येही वापरतात. भुसा कुठल्याही लाकडाचा वाईटच, पण याच्यावर सिडारचा तो आरोप नाही. मात्र एक गोम आहे. कुजण्याविरुद्ध याच्यात स्वतःची काहीच ताकद नाही. ओल टिकली तर हे कुजणार, नक्की. माझ्या मते हीच त्याची जमेची बाजू. सिडार लावलं असतं तर लाकडाच्या भरवशावर निवांत झालो असतो. हेमलॉक लावलं म्हणजे वाफेच्या वाटेवर लक्ष ठेवणं भागच आहे.

आता फळ्या. आलो एकदाचा!

दुकानात जी "एक बाय सहा" म्हणून मिळते ती फळी एक इंचही नसते आणि सहाही नसते. रंधून, वाळवून पाऊण इंच बाय साडेपाच उरते. तिच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खोबण. एकीची जीभ दुसरीच्या खोबणीत जाते, त्यामुळे दिसणारी रुंदी पाच इंच आणि एक अष्टमांश. हे अष्टमांश प्रकरण मला आधी डोक्याला ताप वाटायचं. आम्ही इंजिनिअरिंगला मिलिमीटरवर वाढलेले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग पाच इंच एक सूत म्हण की!" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे सुतार, गवंडी, फॅब्रिकेशनवाले आजही सुतात बोलतात. अमेरिकन टेपवरच्या त्या बारीक रेघा म्हणजे आपलं सूतच! त्या दिवसापासून घरात माप मराठीत.

आकडेमोड अशी. खोलीची रुंदी ६० इंच. दोन्ही भिंतींशी दोन दोन सूत मोकळी जागा, उरले साडेएकोणसाठ. त्यात अख्ख्या अकरा फळ्या बसतात आणि शेवटी एक तीन इंचाची चिंधोटी उरते, जी आयुष्यभर डोळ्यांत खुपणार. त्यापेक्षा मधे दहा अख्ख्या आणि दोन्ही कडांना चार इंच एक सुताची एकेक. दोन्हीकडे सारखं. एकूण बारा. (सतरा जमल्या नाहीत. विचारलं होतं. "बारा चालतील," असं उत्तर आलं.)

दोन दोन सूत मोकळे का? पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगून चौकटीत अडकतं, म्हणून. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते फारसं हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. अमेरिकेत मॅडिसनला १९१० पासून लाकडावर संशोधन करणारी एक सरकारी प्रयोगशाळा आहे, तिच्या हँडबुकात प्रत्येक लाकडाचे आकडे आहेत. हेमलॉक पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत जास्तीत जास्त ७.८ टक्के आकसतं. त्यावरून हिशेब केला तर लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की एक फळी साधारण सव्वा मिलिमीटर हलते आणि सगळं छत मिळून दीड सेंटिमीटर! त्याला जागा दिली नाही तर ते स्वतः करून घेतं, मधेच वर उचलून.

म्हणून तीन गोष्टी. एक, फळ्या आणल्या आणल्या लावायच्या नाहीत. आठवडाभर घरात, मधे पट्ट्या ठेवून रचून ठेवायच्या, म्हणजे त्या घरच्या हवेला सरावतात. दोन, वार्निश बसवायच्या आधी आणि सहाही बाजूंनी. पाठ कुणाला दिसणार नाही म्हणून सोडायची नाही, कापलेलं टोकही नाही. एकच बाजू सीलबंद असेल तर दुसरी ओलावा घेते आणि फळी वाकते. तीन, खिळा फक्त जिभेच्या बाजूने, तिरका, गंज न चढणारा. पुढच्या फळीची खोबण तो झाकते. दुसरी कड नुसती बसलेली राहते, त्यामुळे प्रत्येक फळी आपापल्या सांध्यात हलू शकते. दोन फळ्यांत घट्ट ठोकाठोक नाही, एका व्हिजिटिंग कार्डाएवढी फट. माझ्या आधीच्या कंपनीची साडेतीनशे कार्डं पडून होती. अखेर त्यांचा उपयोग झाला.

प्रत्यक्ष बसवायला एक शनिवार आणि अर्धा रविवार. कापाकापी सगळी बाहेर, गाडीच्या शेडमध्ये, मास्क लावून. वाऱ्याची दिशा बघून बायको आत. पोटमाळ्यातून कड्या दोन दोन फुटांवर आहेत हे कळलेलं होतं, त्यांच्या रेघा खडूच्या दोरीने छतावर मारल्या. पंखा आणि दिव्याची वीज मेन बोर्डावरून बंद. छत पाऊण इंचाने जाड होणार, म्हणून दिव्याच्या डब्याला वाढीव कडं लावलं. विजेचा डबा लाकडाच्या मागे दबलेला राहता कामा नये, आगीची भीती असते.

भिंती काटकोनात नव्हत्या. एका टोकाला ६० इंच, दुसऱ्या टोकाला तीन सूत कमी. ही तूट शेवटच्या फळीत घेतली, ती किंचित निमुळती कापली. भिंतीलगतच्या फटीवर पट्टी बसली, की कळतही नाही. दोन लाकडांचा एक 'टी' करून तो टेकू म्हणून वापरला, कारण आठ फुटी फळी डोक्यावर धरून त्याच हाताने खिळा मारायला माणसाला तीन हात लागतात. मान तीन दिवस वर बघायला तयार नव्हती. इतकी सुंदर गोष्ट केली आणि तिच्याकडे बघता येत नाही!

शेवटची फळी लावायच्या आधी बायको पेन्सिल घेऊन शिडीवर चढली आणि उघड्या जिप्समवर लिहू लागली. पंख्याची नळी कुठून कशी जाते, छपराबाहेर कुठे निघते, कुठला भाग नवीन आहे, कड्या कुठे आहेत, तारीख. वर इंग्रजीत, खाली मराठीत. मी म्हटलं, हे कोण वाचणार? म्हणाली, "पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडेल ना? आपल्याला कुणी लिहून ठेवलं असतं तर?" मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये कॉमेंट नाही म्हणून शिव्या घालतो. गप्प बसलो.

खर्चाचा हिशेब शेवटी मांडला. छपराची टोपी आणि नळी ४५०, पंखा आणि टायमर १६०, पोटमाळ्याची सफाई आणि नवा कापूस ९००, जिप्सम, मास्क, वार्निश १५०, खिळे आणि भाड्याची बंदूक ४०, फळ्या २९०. एकूण १,९९० डॉलर. जे दिसतं, ज्याचं पाहुणे कौतुक करतात, ते त्यातलं सातवा हिस्सा. बाकीचे सहा हिस्से कुणाला कधीच दिसणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, तुझं ठीक आहे रे, आम्ही बाणेरला नवव्या मजल्यावर राहतो, कसला पोटमाळा आणि कसल्या कड्या. मान्य. पण तुमच्या बाथरूमला फॉल्स सीलिंग आहे का? वर गिझर आणि पाइप दडवलेले आहेत का? मग एकदा त्याची झडप उघडून टॉर्च मारा. झडपच नसेल तर आधी ती करून घ्या. एक्झॉस्ट फॅनची हवा खरंच बाहेर पडते की फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत फिरत बसते, ते बघा. फार तर दहा मिनिटांचं काम आहे.

आमचा निकाल? ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र भिंतीवर आहे. आधी आंघोळीनंतर दीड-दोन तास ते ८० टक्क्यांच्या खाली यायचं नाही. आता पंचवीस मिनिटांत ६० च्या खाली. खोकला कमी आहे. पूर्ण गेला असं म्हणणार नाही. दमा एका कारणाने येत नाही आणि एका छताने जात नाही. इनहेलर अजून आरशाखालच्या कप्प्यातच असतो. पण फेब्रुवारीत एका सकाळी ती आंघोळ करून आली, चहा घेतला, पेपर चाळला आणि ऑफिसला निघूनही गेली. त्या दिवशी खोकल्याचा आवाज आला नाही हे मला संध्याकाळी लक्षात आलं.

बाबांना तयार छत दाखवलं. छान म्हणाले, बारकाईने बघितलं, मग म्हणाले, "आता दर वर्षी वर चढून बघत जा. लाकूड खालून कायम चांगलंच दिसतं."

फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करून ठेवली आहे. दर वर्षी ऑक्टोबरचा पहिला शनिवार, सकाळी दहा. शिडी, दिवा, मास्क. नोंदीला नाव काय द्यायचं यावर फार विचार करावा लागला नाही.

शाकारणी.